मोडायचं कुणी? लोखंड लाटणाऱ्यांच्या एका जुन्या भांडणाची गोष्ट

गावाकडं डीपीच्या पेटीत फ्यूजच्या जागी जाड तार पिळून बसवलेली बऱ्याच जणांनी पाहिली असेल. कारण साधं असतं. फ्यूज सारखा उडतो, मोटार बंद पडते, पिकाला पाणी मिळत नाही. मग कुणीतरी चार पदरी तार घालतो. फ्यूज उडायचा थांबतो. लोक खूश. पुढं एक दिवस अख्खा ट्रान्सफॉर्मरच जळतो आणि गाव आठवडाभर अंधारात बसतं.

याला आपण "आपल्याकडचे लोक असेच" म्हणून मोकळे होतो. पण हाच वाद लोखंडाचा पत्रा तयार करणाऱ्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि त्यात अडाणी कुणी नव्हतं. जगातले उत्तम इंजिनिअर दोन्ही बाजूंना होते. प्रश्न एकच: यंत्रावर झेपणार नाही इतका भार आला तर आधी मोडायचं कुणी?

पोस्ट लांब आहे, पण कारखान्यात काम केलेल्यांना आणि न केलेल्यांनाही उपयोगी पडेल.

*

आधी रोलिंग मिल म्हणजे काय ते दोन मिनिटांत समजून घेऊ.

पोळी लाटतो तसंच. फरक एवढाच की इथं पोळपाट नाही, दोन लाटणी आहेत, एकावर एक. खालचं आणि वरचं रोल उलट दिशेनं फिरतात आणि मधल्या फटीतून धातू ओढला जातो. आत जाताना जाड, बाहेर येताना पातळ आणि लांब. ही फट किती ठेवायची ते वरच्या स्क्रूंवर ठरतं. रोलच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, बेअरिंग ज्यात बसतं तो चॉक, आणि हे सगळं धरून ठेवणारी दोन्ही बाजूंची जाड पोलादी चौकट. या पूर्ण संचाला स्टँड म्हणतात.

आता भार किती येतो बघा. समजा रोलची त्रिज्या ३५० मिलिमीटर आहे आणि ४ मिलिमीटरची गरम पट्टी २ मिलिमीटर करायची आहे. रोल आणि धातू यांचा स्पर्श जेवढ्या लांबीत होतो ती लांबी साधारण २६ मिलिमीटर येते (त्रिज्या गुणिले जाडीतली घट, आणि त्याचं वर्गमूळ). पट्टी सव्वा मीटर रुंद असेल तर स्पर्शाचं क्षेत्र झालं ३३,००० चौरस मिलिमीटर. त्या तापमानाला, त्या जाडीला धातू दर चौरस मिलिमीटरला ३० किलोचा विरोध करतो असं धरा. गुणाकार केला की जवळपास १,००० टन होतात. म्हणजे २५ टनांचे चाळीस भरलेले ट्रक एकावर एक रचून हाताच्या पंजाहून कमी रुंदीच्या पट्ट्यावर उभे केल्यासारखं. आणि हे रोजचं, नेहमीचं काम आहे. याला ओव्हरलोड म्हणत नाहीत.

ओव्हरलोड कधी होतो? पट्टीचं शेपूट थंड पडलं की. थंड धातू जास्त विरोध करतो. चुकून वेगळ्या प्रतीचं, जास्त कडक पोलाद आत आलं की. कुणी एकाच फेरीत जास्त पातळ करायला गेलं की. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पट्टी दुमडून दुहेरी आत शिरली की. वरच्याच उदाहरणात ४ ऐवजी ८ मिलिमीटर आत गेलं आणि फट २ चीच राहिली, तर जाडीतली घट तिप्पट होते. तेवढ्या एका कारणानं भार पावणेदोन पट होतो. धातू जास्त दाबला गेल्यामुळं वाढणारा विरोध वेगळाच. हे सगळं पापणी लवायच्या आत घडतं.

मग मोडतं काय? रोलची मान मोडते. मधला जाड भाग आणि बेअरिंगमध्ये बसणारा बारीक भाग जिथं मिळतात ती जागा. किंवा रोलच्या पृष्ठभागाचा कपचा उडतो. किंवा बेअरिंग जळतं. किंवा रोल फिरवणारा दांडा पिळून तुटतो. मोठ्या मिलच्या आधाराच्या एका रोलचं वजन काही दहा टनांत असतं. असा रोल मोडला तर नुकसान फक्त पैशाचं नसतं. लाल तापलेली पट्टी धावती असते आणि आजूबाजूला माणसं असतात.

*

रोलनं धातू दाबायची कल्पना जुनी. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत १५व्या शतकाच्या अखेरीस अशा यंत्राची रेखाटनं सापडतात. सुरुवातीला सोनं, चांदी, शिसं असे मऊ धातू लाटले जात. नाण्यांसाठी सारख्या जाडीची पट्टी लागते, म्हणून टांकसाळींना हे यंत्र लवकर पटलं. हातोड्यानं ठोकलेली पट्टी कुठं जाड कुठं पातळ, मग नाण्याचं वजन चुकतं आणि राजाची पत जाते.

लोखंडाची गोष्ट वेगळी. ते गरम असतानाच लाटावं लागे आणि त्याला प्रचंड जोर लागे. वेल्समधल्या पाँटिपूलला जॉन हॅनबरीच्या कारखान्यात १७व्या शतकाच्या अखेरीस लोखंडी पत्रा रोलमधून काढायला लागले होते. तिथूनच पुढं कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, म्हणजे आपल्या डब्याच्या पत्र्याचा, वेल्श धंदा वाढला. १७८३ मध्ये इंग्लंडच्या हेन्री कॉर्टनं खाचा पाडलेल्या रोलचं पेटंट घेतलं आणि लोखंडी सळ्या, पट्ट्या लाटून काढणं स्वस्त झालं. वाफेचं इंजिन आलं, इंजिनाला जड फ्लायव्हील लागलं. आणि इथंच खरी पंचाईत झाली.

पाणचक्की अडली की थांबते. फ्लायव्हील थांबत नाही. त्यात साठलेली शक्ती बाहेर पडायला वाट शोधते. रोलमध्ये धातू अडकला आणि मागून फ्लायव्हील रेटतंय म्हटल्यावर साखळीतली सगळ्यात कमजोर कडी तुटणारच. प्रश्न फक्त कोणती, एवढाच.

त्या काळच्या गिरणीवाल्यांनी यावर शहाणपणाचा तोडगा काढला. तुटायचंच आहे तर स्वस्तातलं तुटू दे. आणि त्यांनी एकाऐवजी दोन फ्यूज केले, कारण संकटं दोन प्रकारची असतात.

पहिलं संकट पिळाचं. त्यासाठी इंजिनाकडून रोलकडे शक्ती नेणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, आणि त्याला जोडणारी बिडाची कपलिंग मुद्दाम रोलच्या मानेपेक्षा कमजोर ठेवत. पीळ वाढला की कपलिंग फुटे, रोल वाचे.

दुसरं संकट दाबाचं. त्यासाठी वरचा स्क्रू आणि चॉक यांच्यामध्ये बिडाचा एक पोकळ ठोकळा बसवत. सगळा दाब त्या ठोकळ्यातून जाई. दाब हाताबाहेर गेला की ठोकळा चिरडला जाई, फट उघडे, रोल वर उचलला जाई आणि धातू सुटे. नवा ठोकळा बसवला की काम पुन्हा सुरू.

डीपीचा फ्यूज तो हाच. फक्त तारेऐवजी बीड.

बीड निवडण्यामागंही विचार होता. बीड ठिसूळ असतं. ते वाकत बसत नाही, तुटतं. फ्यूजनं वाकून चालत नाही. अर्धवट वाकलेला फ्यूज हा सगळ्यात धोकादायक, कारण तो आपलं काम केलंय की नाही ते सांगत नाही.

*

आता या गोष्टीतला मुख्य माणूस. जॉन फ्रिट्झ.

हा पेनसिल्व्हेनियाचा, १८२२ सालचा जन्म. शाळा थोडी, हातात कसब भरपूर. १८५४ मध्ये जॉन्सटाऊनच्या केंब्रिया आयर्न वर्क्समध्ये आला. रेल्वेचे रूळ तयार करणारा कारखाना, आणि आर्थिक अवस्था बिकट. तिथं जुन्या पद्धतीची दोन रोलची मिल होती. धातू एका बाजूनं आत घालायचा, पलीकडं बाहेर आला की वरच्या रोलवरून उचलून पुन्हा अलीकडं आणायचा, पुन्हा घालायचा. या येरझारीत लोखंड थंड होई. थंड लोखंड लाटायला जोर जास्त लागे, कडा फाटत, आणि कपलिंग आणि ठोकळे पटापट तुटत. मिल चालू असण्यापेक्षा दुरुस्तीतच जास्त असायची.

फ्रिट्झनं ठरवलं, तीन रोल एकावर एक लावायचे. खालच्या दोनमधून धातू जाईल, वरच्या दोनमधून परत येईल. वेळ वाचेल, उष्णता वाचेल. भागधारक घाबरले, विरोध झाला, पण शेवटी परवानगी मिळाली. जुलै १८५७ मध्ये मिल सुरू झाली आणि चालली. लगोलग कारखान्याच्या इमारतीला आग लागून सगळं छप्पर खाक झालं. महिन्याभराच्या आत त्यांनी ती पुन्हा उभी करून चालवली.

आपल्या मुद्द्याची गोष्ट पुढं आहे. ही मिल बांधताना फ्रिट्झनं ते कमजोर भाग काढून टाकले. मुद्दाम तुटणारी कपलिंग नको, ठोकळा नको. सगळं भक्कम. जुनी जाणती माणसं चक्रावली. फ्रिट्झचं म्हणणं त्यानं पुढं आत्मचरित्रात नोंदवलंय. त्याचा आशय असा की रोज उठून किरकोळ मोडतोडीनं जीव नकोसा होण्यापेक्षा कधीतरी एकदा जंगी सत्यानाश झालेला परवडला.

वाचायला उद्धट वाटतं ना? म्हणजे फ्रिट्झ हा डीपीत जाड तार घालणाराच म्हणायचा का?

नाही. आणि इथं थांबून विचार करायला हवा, कारण अख्ख्या वादाची किल्ली इथं आहे.

फ्रिट्झनं फक्त फ्यूज काढला नाही. फ्यूज का उडतो ते कारण आधी काढलं. लोखंड थंड होत होतं म्हणून भार वाढत होता. तीन रोलमुळं ते थंड होणं कमी झालं, म्हणून भारच कमी झाला. त्यावर त्यानं रोल, दांडे, चौकट सगळं जास्त ताकदीचं केलं. म्हणजे मागणी कमी केली आणि ऐपत वाढवली. मग फ्यूजची गरज खरोखर उरली नाही, निदान रोजची तरी.

डीपीत जाड तार घालणारा यातलं काहीच करत नाही. भार तोच, ट्रान्सफॉर्मर तोच, फक्त सांगणारा गप्प केलेला.

पण फ्रिट्झच्या विरोधकांचंही पूर्ण चुकलं नव्हतं. यंत्र कितीही भक्कम करा, त्याला हद्द असतेच. आणि ती हद्द नेमकी किती, आज आपण तिच्या किती जवळ आहोत, हे १८५७ साली कुणालाच मोजता येत नव्हतं. फ्रिट्झ ते अनुभवानं ओळखत होता. असा माणूस प्रत्येक कारखान्याला मिळत नाही. मिळाला तरी तो रिटायर होतो.

ठोकळ्यातही खोट होतीच. बिडाचा प्रत्येक ओतीव ठोकळा सारख्या ताकदीचा निघत नाही. आज एक हजार टनांवर फुटेल, उद्याचा दीड हजारावरही फुटणार नाही. शिवाय हजारो दणके खाऊन ठोकळा थकतो आणि अगदी साध्या भारालाही फुटतो. दोन बाजूंना दोन ठोकळे, त्यातला एकच फुटला तर रोल तिरका होतो आणि पट्टी भलतीकडेच जाते. म्हणजे फ्यूज असला तरी तो केव्हा उडेल याची खात्री नाही. फुकाच्या ब्रेकडाऊननं वैतागलेला फोरमन एक दिवस बिडाऐवजी पोलादाचा ठोकळा बसवायला सांगणार, यात नवल ते काय?

*

२०व्या शतकात खेळ आणखी मोठा झाला.

जॉन टायटस नावाचा, येल विद्यापीठात साहित्य शिकलेला माणूस अमेरिकन रोलिंग मिल कंपनीत साध्या कामगाराच्या कामापासून सुरुवात करून वर आला. पत्रा हातानं, एकेक तुकडा लाटण्याऐवजी एकामागं एक स्टँड लावून सलग पट्टी काढायची, हे त्याचं स्वप्न. १९२३-२४ मध्ये केंटकीतल्या ॲशलँडला ते प्रत्यक्षात आलं. १९२६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी दुसऱ्या कंपनीनं अशीच मिल चार रोलच्या स्टँडवर चालवली.

चार रोल कशाला? गणित परत पोळीचं. बारीक लाटणं धातूला कमी लांबीत स्पर्श करतं, म्हणून त्याच कामाला भार कमी येतो. पण बारीक लाटणं वाकतं आणि पट्टी मधे जाड राहते. म्हणून काम करणारे दोन रोल बारीक ठेवायचे आणि त्यांच्या पाठीशी दोन जाडजूड रोल आधाराला द्यायचे. पुढं तादेउश सेंजिमीर या पोलिश इंजिनिअरनं हीच कल्पना टोकाला नेऊन बारीक रोलभोवती आधाराच्या रोलचे थर रचले. त्याच्या वीस रोलच्या मिलमधून आजही स्टेनलेसचा पातळ पत्रा निघतो. पत्रा फार पातळ झाला की नुसता दाब वाढवून भागत नाही. पत्र्याऐवजी रोलच चपटा व्हायला लागतो. ओव्हरलोडवरचा खरा उपाय बऱ्याचदा जोर वाढवण्यात नसतो, लाटणं बदलण्यात असतो.

सलग मिलमुळं वेग वाढला. एका स्टँडमध्ये पट्टी अडली तर मागून येणारी थांबत नाही. ती वर उसळते, घड्या पडतात आणि घडीसकट पुढच्या फटीत शिरते. कारखान्यात याला कॉबल म्हणतात. ज्यांनी पाहिलाय ते विसरत नाहीत. अशा वेगापुढं माणसानं बघून, ओरडून, स्क्रू फिरवून काही होत नाही.

मग तिसरं उत्तर आलं. तोडू नका, नुसतं भक्कमही करत बसू नका. मोजा.

आधी कागदावर मोजलं. १९२५ मध्ये थिओडोर फॉन कार्मान यांनी रोलच्या फटीतल्या दाबाचं समीकरण मांडलं. विमानविद्येसाठी गाजलेले हेच ते कार्मान. १९४३ मध्ये ओरोवान यांनी ते जास्त खोलवर नेलं, १९५४ मध्ये सिम्स यांनी गरम लाटणीसाठी वापरता येईल असं सुटसुटीत केलं. आता पट्टी आत घालण्याआधीच सांगता येऊ लागलं की या जाडीला, या तापमानाला, या पोलादाला अमुक इतके टन लागतील. हद्दीबाहेर जात असेल तर घट दोन फेऱ्यांत वाटा. सगळ्यात स्वस्त संरक्षण हेच. ओव्हरलोड होण्याआधी कागदावरच अडवलेला.

मग प्रत्यक्ष मोजलं. १९५४ च्या सुमारास स्वीडनच्या आसेआ कंपनीत ऑर्वर डाले यांनी प्रेसडक्टर आणला. पोलादावर दाब आला की त्याचे चुंबकीय गुण किंचित बदलतात. तो बदल विजेच्या भाषेत वाचायचा. जिथं पूर्वी बिडाचा ठोकळा मरायला बसवला होता, त्याच दाबाच्या वाटेवर आता न मोडता सांगणारा साक्षीदार बसला. असली भारमापकं, म्हणजे लोड सेल, पुढं मिलच्या स्टँडमध्ये नेहमीची झाली.

*

इथवर गोष्ट सरळ आहे. आता खरी मेख.

त्याच सुमारास ब्रिटनच्या लोह-पोलाद संशोधन संस्थेत सिम्स आणि हेसेनबर्ग यांनी एक साधी गोष्ट कामाला लावली. स्टँडची चौकट कितीही जाड असली तरी भाराखाली ताणली जाते. मोठ्या स्टँडचा ताण साधारण ५०० टनांना १ मिलिमीटर धरा. म्हणजे १,५०० टन भार आला की ठेवलेली फट ३ मिलिमीटरनं उघडलेली असते. म्हणून बाहेर पडणाऱ्या पट्टीची जाडी म्हणजे ठेवलेली फट अधिक हा ताण. भार कळला की जाडी कळली. भारमापक हेच जाडी मोजायचं यंत्र झालं. भार वाढलेला दिसला की फट लगेच आवळायची, जाडी सारखी राहते. यातून आपोआप जाडी राखणारी यंत्रणा निघाली. आज मोटारीच्या दरवाजापासून फ्रिजच्या कवचापर्यंत सगळा पत्रा एकसारखा येतो त्यामागं हे तत्त्व मोठं आहे.

पण नीट बघा काय झालंय.

पट्टीचा थंड, कडक भाग आला. भार वाढला. यंत्रणा म्हणते, भार वाढला म्हणजे जाडी वाढली, आवळा. आवळल्यावर भार आणखी वाढतो. यंत्रणा पुन्हा आवळते. जाडी राखायचं काम ती इमानदारीत करतेय, आणि इमानदारीतच मिलला ओव्हरलोडकडे ढकलतेय. कारण तिला लक्ष्य दिलंय, हद्द दिलेली नाही.

म्हणून अशा यंत्रणेच्या डोक्यावर दुसरी यंत्रणा ठेवावी लागते, जिला जाडीशी देणंघेणं नाही. तिला एकच आकडा माहीत: इतक्या टनांच्या वर नाही. तो आकडा गाठला की ती आवळणं थांबवते, त्याही वर गेला तर फट उघडून मिल थांबवते. पत्रा भंगारात गेला तरी चालेल. पूर्वी फट उघडायला मोटारीवरचे स्क्रू फिरवावे लागत, त्यात मोलाचे सेकंद जात. पुढं स्क्रूच्या जागी किंवा जोडीला तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर आले. तेल सोडलं की फट डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते. शिवाय दाब हद्दीबाहेर गेला तर संगणकाला न विचारता उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह. म्हणजे फिरून तो बिडाचा ठोकळाच, फक्त पुन्हापुन्हा वापरता येणारा.

आपल्या साखर कारखान्यात हे तत्त्व जुनंच आहे. उसाच्या गिरणीचा वरचा रोल तेलाच्या दाबावर तरंगता ठेवलेला असतो. मोळी जाड आली, लोखंडाचा तुकडा आला, तर रोल वर उचलला जातो आणि पुन्हा बसतो. उसाला हे परवडतं. थोडा रस कमी निघेल, बस. पत्र्याला परवडत नाही, कारण रोल उचलला की तेवढा पत्रा वाया. म्हणजे पत्र्याच्या मिलमध्ये सुरक्षितता आणि विक्रीचा माल एकाच फटीसाठी रोज भांडतात. कुणाचं ऐकायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर त्या क्षणी विक्रीच्या मालाचंच ऐकलं जातं. हा यंत्राचा स्वभाव नाही, आपला आहे.

*

भारतात पोलाद जमशेदपूरला १९१२ मध्ये निघालं. १९२० मध्ये तिथंच टिनप्लेट कंपनी स्थापन झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत जर्मन मदतीनं राउरकेला उभं राहिलं ते मुख्यतः पत्र्यासाठी, पुढं सोव्हिएत मदतीनं बोकारो. आज आपल्याकडं रायगडात डोलवी, खोपोली, पालघरमध्ये तारापूर अशा ठिकाणी पट्टी लाटली जाते, आणि जालन्याच्या मिल सळया काढतात. सळई खाचेच्या रोलमधून निघते, पट्टी सपाट रोलमधून. पण भाराचं गणित दोघींचं एकच. मोठ्या कारखान्यांत वर सांगितलेलं सगळं असतं. लहान मिलमध्ये काय असतं, ते तिथं काम करणाऱ्यांनी सांगावं.

मला या इतिहासातून तीन गोष्टी दिसतात. त्या फक्त लोखंडाच्या नाहीत, म्हणून इथं लिहितोय.

पहिली. संरक्षण वारंवार "त्रास" देत असेल, तर ते काढण्याचा हक्क फक्त त्याला आहे ज्यानं त्रासाचं कारण आधी काढलंय. फ्रिट्झनं ते केलं. ट्रिप होतंय म्हणून हद्दीचा आकडा १,२०० वरून १,५०० करणाऱ्यानं काय केलंय, हे विचारायला हवं. रोल बदलले? भट्टीचं तापमान सुधारलं? की फक्त आकडा बदलला? पूर्वी ठोकळा पोलादाचा बसवला तर निदान डोळ्यांना दिसे. आज आकडा पडद्यावर बदलतो आणि पुढच्या शिफ्टला कळतही नाही.

दुसरी. ज्याच्यावर उत्पादनाचं लक्ष्य आहे त्याच्याच हातात हद्द देऊ नये. जाडी राखणाऱ्या यंत्रणेकडे भाराची हद्द दिली नाही, वेगळ्या यंत्रणेकडे दिली, ती याच कारणानं. कारखान्यात हद्द बदलायची सही प्रॉडक्शनवाल्याची असेल तर ती हद्द नाही, सूचना आहे. हेच पुलावरच्या वजनाच्या पाटीला लागू, खाणीला लागू, धरणाला लागू. कंत्राट वेळेत संपवायची जबाबदारी आणि काम थांबवायचा अधिकार एकाच माणसाला दिले की काय होतं, हे आपण पेपरात दर काही महिन्यांनी वाचतोच.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक व्यवस्थेत काहीतरी मोडणार असतंच. त्या जुन्या वेल्श आणि अमेरिकन गिरणीवाल्यांचा मोठेपणा हा की त्यांनी ते लपवलं नाही. काय मोडायचं ते आधी ठरवलं, त्याला स्वस्तातलं केलं, हाताशी ठेवलं आणि बदलायला सोपं केलं. आपण ते ठरवलं नाही तर ते आपोआप ठरतं. मग साखळीतली सगळ्यात कमजोर कडी शोधली जाते, आणि बहुतेक वेळा ती कडी बिडाची नसते. स्टँडजवळ चिमटा घेऊन उभ्या असलेल्या, महिन्याभरापूर्वी कंत्राटावर लागलेल्या पोराची असते. त्याचा सुटा भाग कुठल्याच स्टोअरमध्ये मिळत नाही.

तेव्हा कारखान्यात असाल तर उद्या शिफ्टला गेल्यावर तीन प्रश्न विचारून बघा. आपल्या मिलची भाराची हद्द किती टन आहे? ती शेवटची कधी बदलली? आणि बदलायची सही कुणाची आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देतील. दुसऱ्याला जरा शोधाशोध होईल. तिसऱ्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर समजा की बिडाचा ठोकळा तुमच्याकडं कुणीतरी केव्हाच काढून ठेवलाय.